जमा, खर्च आणि अमानत : वर्ध्याच्या वहीतली काही पाने

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला हिशोबाचा जो पेपर असतो, त्याच्याकडे प्रेमाने पाहणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. पहिल्या वर्षी रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद एवढे जमले की काम भागते. दुसऱ्या वर्षी मात्र भागीदारी मोडते, कंपनी उभी राहते, भाग विकले जातात, हप्ता न भरणाऱ्याचे भाग जप्त होतात. घसारा काढावा लागतो, बुडीत कर्जाची तरतूद करावी लागते. न दिलेला पगार खर्चात आणि न मिळालेले भाडे उत्पन्नात धरावे लागते. पूर्वी मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी इंटरची परीक्षा असे आणि जुनी माणसे तिला ‘इंटर कॉमर्स’ म्हणत. आज नाव बदलले, पण या मधल्या पायरीची भीती तशीच आहे. माझे बी.कॉम. वर्धा जिल्ह्यातच झाले. बहुतेकांप्रमाणे आम्हीही हा विषय पास होण्यापुरता वाचला.

पुढे वर्ध्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चरखा, आश्रम आणि प्रार्थना यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा हिशोबाच्या वहीसाठीही ओळखला जायला हवा होता. या वहीची काही पाने मुसलमानांनी लिहिलेली आहेत, आणि ती आपल्याच लोकांना माहीत नाहीत. म्हणून हा लेख.

हिशोबाची बोली

सुरुवात शब्दांपासून करू. हिशोब, जमा, खर्च, बाकी, नफा, रक्कम, वसूल, कर्ज, तारीख हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि ते परके आहेत असे त्याच्या मनातही येत नाही. हे सगळे मुळात अरबी. फारसी दफ्तरातून ते मराठी दफ्तरात आले आणि इथलेच झाले. आडनावेही तशीच. फडणीस म्हणजे फर्दनवीस, फर्दीवर म्हणजे कागदावर नोंद लिहिणारा. जमेनीस म्हणजे जमा लिहिणारा. मुजुमदार म्हणजे एकूण हिशोब सांभाळणारा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराला ‘अमात्य’ हे संस्कृत नाव मिळाले. राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी बाजारातली आणि गावातली वही जमा-खर्चाच्याच भाषेत बोलत राहिली. ‘जकात’ शब्दाची गंमत तर निराळीच. आपल्या घरात ती रमजानमध्ये काढायची, आणि पूर्वी शहराच्या वेशीवर नाक्यावरही भरावी लागायची!

आमच्या अब्बांचे छोटे किराणा दुकान होते. त्यांची उधारीची वही मराठीत असे, बेरीज ते तोंडाने उर्दूत करत, आणि माझे पुस्तक इंग्रजी शब्दांनी भरलेले. ‘नावे’ आणि ‘जमा’ त्यांना कोणी शिकवले नव्हते. कोण देणेकरी आणि कोण घेणेकरी हे त्यांना पक्के कळत होते. पुस्तकात तीच गोष्ट वाचताना मात्र आम्ही घाबरत होतो. शब्द हरवला की समजही डळमळते.

कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीच्या नोंदीबद्दल आहे, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसेल. सूरह अल-बकराची ती २८२वी आयत. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, आणि रक्कम लहान आहे की मोठी याचा विचार करून लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. नमाज-रोजाबद्दल बोलणारे आपण या आयतीबद्दल फारसे बोलत नाही. विश्वास असला तरी लिहा, असे ती सांगते. आपल्याकडे मात्र लिहायला सांगितले की समोरच्याला अपमान वाटतो.

एका मेमन पेढीची वही

आता थोडे दूर, दक्षिण आफ्रिकेत जाऊ. वर्ध्याच्या हिशोबाची शिस्त तिथूनच सुरू होते. १८९३ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर डर्बनला उतरला. त्याला बोलावले होते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने. दादा अब्दुल्ला पोरबंदरचे मेमन व्यापारी. शालेय शिक्षण जेमतेम, पण व्यवहारज्ञान दांडगे. प्रिटोरियातले त्यांचेच नातलग तय्यब हाजी खान मुहम्मद यांच्यावर त्यांनी ४०,००० पौंडांचा दावा लावला होता. दाव्याचा गाभा म्हणजे हिशोब. कोणी काय दिले, कशाबद्दल वचनचिठ्ठी लिहिली गेली, कोणती रक्कम कोणाच्या नावे पडली, याचे गुंते सोडवल्याशिवाय खटला समजणे शक्य नव्हते.

गांधींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे की, त्या वेळी वचनचिठ्ठी म्हणजे काय हेही त्यांना माहीत नव्हते. त्यांनी पेढीच्या कारकुनाला विचारले, हिशोब लेखनाचे एक पुस्तक विकत आणले आणि अभ्यासाला बसले. लंडनमध्ये विद्यार्थी असताना रोजचा पैन्-पै खर्च लिहून झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची सवय त्यांना होतीच. पण ती एका माणसाची टिपणवही होती. दोन पक्षांचे देणे-घेणे, नावे आणि जमा, हे ते एका मुसलमान पेढीच्या वह्यांवर शिकले.

खटला अखेर लवादाकडे गेला आणि दादा अब्दुल्ला जिंकले. तय्यब शेठना सुमारे ३७,००० पौंड आणि वर खटल्याचा खर्च एकदम भरायचा झाला असता, तर त्यांचे दिवाळे वाजले असते. तेव्हा गांधींनी दादा अब्दुल्लांना लांब मुदतीचे हप्ते स्वीकारायला राजी केले. दिवाळखोरीचे खाते आम्ही दुसऱ्या वर्षी शिकतो, त्यात मालमत्ता विकून घेणेकऱ्यांना रुपयाला किती पैसे मिळतील एवढेच काढायचे असते. इथे घेणेकरी स्वतःच थांबला आणि देणेकरी वाचला. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्या, ही शिकवण त्याच सूरह अल-बकरात दोन आयती आधी आहे.

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्गणी द्यायला पुढे आले ते बहुतांशी हेच व्यापारी. गांधी सचिव होते. प्रत्येक पैशाची पावती, प्रत्येक खर्चाची नोंद, असा त्यांचा आग्रह होता. सार्वजनिक संस्थेचा हिशोब चोख नसेल तर तिचे सत्य टिकत नाही, हा धडा त्यांनी तिथे गिरवला आणि तो बरोबर घेऊन ते हिंदुस्थानात आले.

मगनवाडीतला ख्रिस्ती हिशोबनीस

जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे १९३० नंतरच्या दशकात गांधींचे ठाणे वर्धा झाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे कार्यालय आले. संघाचा कारभार ज्यांच्या हाती आला ते होते जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचे नाव वर्ध्यात रस्त्यावर विचारले तर फार जण सांगू शकणार नाहीत. १८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्म, लंडनमध्ये हिशोब तपासनीसाचे शिक्षण, मुंबईत त्याच धंद्यात काम. नंतर अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत व्यवसाय प्रशासन आणि सार्वजनिक वित्त या विषयांचा अभ्यास. सरकारी कर आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांचा संबंध त्यांनी तिथे तपासला. १९२९ मध्ये गांधींची भेट झाली आणि सूट-बूट गेला, वही मात्र राहिली. १९३१ साली हिंदुस्थानच्या डोक्यावर दाखवलेल्या सरकारी कर्जातले किती देणे खरोखर आपले आणि किती इंग्रजांच्या लढायांचे, हे तपासण्यासाठी काँग्रेसने समिती नेमली. तिचे निमंत्रक कुमारप्पा होते. म्हणजे साम्राज्याच्या ताळेबंदाची तपासणी! देणी बाजूला लिहिलेली प्रत्येक रक्कम देय असतेच असे नाही, ती कोणासाठी खर्च झाली हे विचारावे लागते, हा त्यामागचा विचार.

त्यांची बिहारची गोष्ट प्रसिद्ध आहे. जानेवारी १९३४ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. राजेंद्र प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली मदत समिती झाली आणि पैशाची देखरेख कुमारप्पांकडे आली. कार्यकर्त्याला रोजचा अगदी थोडा भत्ता, त्याच्या वर एक आणाही नाही, असा नियम त्यांनी घातला. पुढे खुद्द गांधी आपल्या मंडळींसह आले. तेव्हा त्यांच्या जेवणाचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च समितीतून मिळणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सांगितले. हा पैसा लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे, पाहुण्यांसाठी नाही. गांधींनी हे मान्य केले.

ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामासाठी तो जाईल, याला आमच्या पाठ्यपुस्तकात ‘विशिष्ट निधी’ म्हणतात. दोन गुणांचा प्रश्न येतो. त्या दोन गुणांमागे किती मोठी नैतिकता आहे हे बिहारमध्ये दिसले. कितीही मोठा माणूस समोर असो, निधी निधीच राहिला.

घसारा कशाचा काढायचा?

कुमारप्पांचा दुसरा धडा त्याहून खोल आहे. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. निसर्गातल्या काही गोष्टी साठ्यासारख्या असतात, काढल्या की कमी होतात. कोळसा, खनिज तेल, धातू या त्या गोष्टी. काही प्रवाहासारख्या असतात, नीट वापरल्या तर पुन्हा पुन्हा मिळतात. वाहते पाणी, वाढते झाड, माणसाचे आणि बैलाचे श्रम या त्या गोष्टी. साठ्यावर उभी केलेली श्रीमंती भांडणे लावते आणि संपते.

हे हिशोबाच्या भाषेत मांडले तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लगेच कळेल. यंत्र झिजते, म्हणून आपण दरवर्षी घसारा काढतो. तो न काढता नफा दाखवला तर तो खोटा नफा. खरे तर आपण भांडवल खात असतो. खाण असेल तर जेवढा कोळसा काढला तेवढी तिची किंमत कमी करतो. पण जमिनीचा घसारा काढू नये, तिला अमर्याद आयुष्य असते, असे पुस्तक सांगते.

आता वर्ध्याची जमीन पाहा. काळी कापसाची माती. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारापर्यंत गेले. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या वहीत यंत्राचा घसारा निघत होता. कापूस देणाऱ्या मातीचा कस, विहिरीचे पाणी, शेतकऱ्याच्या घरातल्या बायका-पोरांची मेहनत कुठल्याही वहीत लिहिली जात नव्हती. गिरणीत नफा दिसला तेव्हा शेतात काय कमी झाले, याचे खातेच उघडलेले नव्हते. आजही सावकार, बँक आणि बियाण्याचे दुकान या तीन वह्यांत शेतकऱ्याच्या नावे रक्कम पडते. त्याच्या झिजलेल्या शेताची तरतूद कोणाच्याच वहीत नसते. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल बोलताना हा हिशोबातला दोषही लक्षात घ्यायला हवा.

झाकिर हुसेन यांचे पान

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधी अध्यक्ष होते. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना होती. ती कागदावर आणण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले झाकिरसाहेब तेव्हा चाळिशीत पोहोचले होते. जामियातल्या सहकाऱ्यांसह त्यांनी महिना १५० रुपयांहून जास्त न घेता वीस वर्षे काम करण्याची प्रतिज्ञा केली होती. समितीत अलिगढचे ख्वाजा गुलामुस सय्यदैन, विनोबा, काका कालेलकर आणि कुमारप्पाही होते. दोन मुसलमान शिक्षणतज्ज्ञ, एक ख्रिस्ती हिशोबनीस आणि मराठी-गुजराती आश्रमवासी एका अहवालावर बसले. हे वर्ध्यातच घडू शकले.

या समितीच्या अभ्यासक्रमात गणिताच्या उद्दिष्टांत व्यवहाराची रीत आणि हिशोब लेखन यांचाही समावेश आहे. म्हणजे खेड्यातल्या सात ते चौदा वर्षांच्या मुलाला वही लिहिता आली पाहिजे. कापूस किती आला, सूत किती निघाले, वाया किती गेले, हे त्याने स्वतः मांडावे.

झाकिरसाहेबांनी एक धोकाही ओळखला होता. शाळेचा खर्च निघालाच पाहिजे असे धरून बसलो, तर शिक्षक मुकादम होईल आणि मूल मजूर. आर्थिक बाजू जपताना शिक्षणाचा हेतू हरवू नये, असा इशारा अहवालात आहे. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने ताळेबंदाला घातलेली ही मर्यादा मला फार मोलाची वाटते.

ही योजना मुसलमानांनी सरसकट स्वीकारली असे मात्र नाही. मध्य प्रांतात तेव्हाच्या काँग्रेस सरकारने ‘विद्यामंदिर’ नावाने शाळा काढायचे ठरवले आणि त्या नावालाच मोठा विरोध झाला. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर टीकेची झोड उठवली. त्यातल्या काही शंका राजकारणाच्या होत्या, काही खऱ्या. नावात, गाण्यात, प्रतीकांत एका समाजाचीच छाप पडली तर दुसऱ्याला ती शाळा आपली कशी वाटणार? पण या वादाच्या धुरळ्यात अहवालातला चांगला भागही गाडला गेला. एका मुसलमान अध्यक्षाने मांडलेली हिशोबाची साक्षरता ना काँग्रेसवाल्यांनी नीट राबवली, ना मुसलमानांनी आपली म्हणून उचलली.

१९४० चे महाविद्यालय

बजाज आणि श्रीकृष्णदास जाजू यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण मंडळाने १९४० साली वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले. प्राचार्य होते श्रीमन्नारायण अग्रवाल. १९४४ साली स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी आर्थिक योजना मांडणारे पुस्तक त्यांनीच लिहिले. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे याचेही ते खंदे पुरस्कर्ते होते. सेवाग्रामपासून काही मैलांवर वाणिज्याचे महाविद्यालय निघावे, यात अनेकांना विसंगती वाटते. मला वाटत नाही. चरख्याच्या चळवळीलाही सूत, मजुरी आणि विक्री यांचा हिशोब लागतोच.

मातृभाषेचा तो प्रश्न अजून सुटलेला नाही. मराठी माध्यमातून आलेली मुले भाग-भांडवल, ऋणपत्र, ख्याती, तरतूद हे शब्द पाठ करतात, नोकरीच्या जागी सगळे इंग्रजीत सुरू होते. उर्दू शाळेतून आलेल्या मुला-मुलींना तर तीन भाषांची कसरत करावी लागते. यावर उपाय एकच दिसतो. शब्दाच्या आधी व्यवहार शिकवावा. दुकानातली वही समोर ठेवून तरतूद म्हणजे काय हे सांगितले, तर कोणत्याही भाषेतला शब्द नंतर चिकटतो.

आपली वही

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आज गावोगावची मुसलमान मुले आणि त्यांच्याहून जास्त उत्साहाने मुली बी.कॉम. करत आहेत. याच गावांतल्या मशिदी, मदरसे, दर्गे आणि कब्रस्ताने यांचे हिशोब मात्र अनेक ठिकाणी फळ्यावरच्या दोन आकड्यांत संपतात. जुम्म्याची जमा इतकी, खर्च इतका. सांगणाऱ्याची नियत साफ असते, यात मला शंका नाही. पण दुसऱ्या वर्षाचा पेपर दिलेल्या कोणालाही विचारा. हा फक्त रोख जमा-खर्च झाला. तीन महिन्यांचे थकलेले वीजबिल यात दिसत नाही. वक्फच्या गाळ्यांचे न आलेले भाडे दिसत नाही. नवा पंप हा भांडवली खर्च की दुरुस्ती, हे कळत नाही. जकात, सदका आणि मशिदीची वर्गणी एकाच पेटीत आणि एकाच बेरजेत जाते. जकातीचा पैसा मशिदीच्या बांधकामाला लावता येत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. मग खातेच वेगळे नसेल, तर तो कुठे लागला हे कोण सांगणार? कुमारप्पांनी गांधींच्या पेट्रोलला नकार दिला, तो याच प्रश्नावर.

१९९५ च्या वक्फ कायद्याने मुतवल्लीवर हिशोब ठेवण्याची, तो मंडळाला सादर करण्याची आणि तपासून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. मुतवल्ली मालक नसतो, त्याच्या हाती असते ती अमानत. वक्फवर बाहेरून आरोप होतात तेव्हा आपण संतापतो. काही आरोप द्वेषातून येतात, हे खरेच. पण द्वेषाला भाषणापेक्षा तपासलेला ताळेबंद चांगले उत्तर देतो. आणि बाहेरच्यांसाठी नाही तरी, पेटीत दहा रुपये टाकणाऱ्या विधवेसाठी तो लिहायलाच हवा.

हे काम अवघड नाही. प्रत्येक जमातीने आपल्या वस्तीतल्या वाणिज्य शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना, त्यातली एक मुलगी असावी, वर्षभराचा हिशोब नीट मांडायला बसवावे. जकातीचे खाते वेगळे, बांधकामाचे वेगळे, देणी-घेणी शेवटी, आणि रमजानपूर्वी ताळेबंद दारावर लावलेला. तो मराठीत असावा आणि उर्दूतही, म्हणजे शेजारच्या हिंदू दुकानदारालाही वाचता येईल. विद्यार्थ्यांचा अभ्यास पक्का होईल आणि मुतवल्लीचे ओझे हलके होईल. यंदाचा रमजान येण्याआधी आपापल्या मशिदीत हा विषय काढून पाहा. नाही म्हणणारे भेटतील. त्यांना सूरह अल-बकराची ती लांब आयत शांतपणे वाचून दाखवा.